पाणी न दिलेला दांडा

रुवी, मस्कत
१२ ऑक्टोबर २००३

दत्ता, तुला सलाम.

तुला पत्र टाकून वर्ष होत आलं. फोनवर बिल्किसकडून तुझी खबर कळते. मागच्या महिन्यात घरचा नळ फुटला तर तूच येऊन बसवून गेलास म्हणाली. अब्बांच्या मयतीला मला पोचता आलं नाही, तेव्हा राजिवड्याच्या कबरस्तानापर्यंत तू खांदा दिलास, तेही मी विसरलेलो नाही. मागे तुझ्यासारखा माणूस आहे म्हणून इथे घराची काळजी वाटत नाही.

आज कामासाठी लिहितोय. आमच्या अरबाबला, म्हणजे मालकाला, जुन्या गाड्यांचा नाद लागलाय. बापाच्या वेळची एक मॉरिस त्याने शोधून आणली. इंजिन सुरू झालं, पण पुढच्या चाकांचे दांडे पार झिजलेत. चाक ज्याच्यावर फिरतं तो दांडा रे, हेदवीच्या उमाबाईंच्या गाडीला तू केला होतास तोच. असले भाग आता कुठे तयार मिळत नाहीत. मी अरबाबला म्हटलं, रत्नागिरीत माझा दोस्त आहे दत्तात्रेय पांचाळ, तो जुना तुकडा समोर ठेवून नवा असा कातून देतो की कुठला जुना आणि कुठला नवा हे बनवणाऱ्याला कळू नये.

आपल्या मोहल्ल्यातला तहा सुट्टीवर निघालाय. त्याच्याकडे नमुन्याचा एक दांडा देतोय. दोन हवेत. घाई नाही, तुझ्या सवडीने कर.

बसवणार मी नाही, तेव्हा काळजी करू नकोस. मी टायरच्या गोदामातच बरा आहे. गाडीचं काम एक केरळी फिटर करतो. मी दारात उभा राहून बघतो आणि विचारलं तर सांगतो. चाकाला हात लावायचा नाही असं पाच वर्षांपूर्वी ठरवलं, ते पाळलंय.

वहिनींना सलाम सांग.

तुझा
अस्लम


रत्नागिरी
५ नोव्हेंबर २००३

प्रिय अस्लम,

पत्र मिळालं. तहा दांडाही देऊन गेला. तू खुशाल आहेस हे वाचून बरं वाटलं. इकडे पाऊस दसऱ्यापर्यंत रेंगाळला, त्यामुळे आंब्याला पालवीच फार फुटलीय, मोहर उशिरा येणार म्हणतात. तुझी फिजा परवा रस्त्यात भेटली. चित्रकलेच्या परीक्षेला बसली आहे. मला म्हणाली, काका, तुमच्या लेथचं चित्र काढायला येऊ का. ये म्हटलं.

तू लिहिलेल्या कामाबद्दल. माझ्याच्याने ते होईलसं वाटत नाही. लेथ आता जुना झाला, डोळेही पूर्वीचे राहिले नाहीत. हल्ली मी कॅनिंगवाल्यांच्या यंत्रांचे गंज चढलेले भाग करून देतो, लाँचचे बुश करतो. जुन्या गाड्यांचं काम सोडलं. तसं लोखंडही इथे मिळत नाही. कोल्हापुरात उद्यमनगरात चांगले कारागीर आहेत, त्यातल्या एकाचा पत्ता सोबत लिहितो. नमुना तहाबरोबर परत पाठवतो.

राग मानू नकोस. तुझ्या मालकापुढे तू माझं नाव घेतलंस, ते घ्यायला नको होतंस.

तुझा
दत्ता


रुवी, मस्कत
२ डिसेंबर २००३

प्रिय दत्ता,

पत्र तीनदा वाचलं. लेथ जुना झाला म्हणतोस. आयटीआयमधून बाहेर पडलो तेव्हाही तो जुनाच होता, आणि त्याच्यावर तू केसाएवढा फरक पकडायचास. डोळ्यांचंही खरं नाही. डोळे गेलेला माणूस फिजाला लेथ दाखवायला बोलावत नाही.

खरं कारण मला कळलं. तुझ्या हातचा माल परत माझ्या आसपास जाऊ नये असं तुला वाटतं. तोंडावर म्हणवत नाही म्हणून लेथचं नाव पुढे केलंस. दत्ता, तुझं काही चुकलं नाही. तुझ्या जागी मी असतो तरी हेच केलं असतं.

तो दिवस मी रोज बघतो. माघी गणपतीच्या आदल्या दिवशीची ती सकाळ. आपण दोघांनी सात महिने खपून उमाबाईंच्या वडिलांची गाडी उभी केली होती. बाई आधीच एस.टी.ने हेदवीला गेल्या होत्या. वडिलांची गाडी दशभुजा गणपतीच्या दारात येणार म्हणून त्या माहेरच्या माणसांना गोळा करून बसल्या होत्या. त्यांचा ड्रायव्हर गंगाराम एकटाच गाडी घेऊन निघाला. तू मागून स्कूटरवर. आणि सावर्ड्याच्या अलीकडच्या वळणावर उजवं चाक निखळलं. गाडी दरडीला घासत गेली. गंगारामचा पाय गुडघ्याखाली राहिला नाही.

मी गावातल्या माणसांबरोबर मागच्या टेम्पोतून पोचलो तेव्हा गंगारामला चिपळूणला नेलं होतं. चाक तू शोधून रस्त्याकडेला आणून ठेवलं होतंस. त्यात नट नव्हता, आणि नट फिरू नये म्हणून त्यात अडकवतात ती दोन पायांची पिनही नव्हती. दांडा तुटलेला होता. नट गळला, चाक डुगडुगलं, आणि त्या हिसक्याने दांडा मोडला, हे कोणालाही कळलं असतं. तू मला एवढंच विचारलंस, "अस्लम, पिन घातली होतीस ना रे?" मी हो म्हणायला गेलो आणि माझा आवाजच फुटला नाही. पंचवीस माणसं उभी होती. त्यांना उत्तर मिळालं.

माझ्या हाताला आठवतं की मी पिन घातली होती. पक्कडीने तिचे पाय दुमडले, ते बोटांना आठवतं. पण डोळ्यांनी तर रिकामं चाक पाहिलं. मग बोटं खोटं बोलत असणार.

तू आरोप केला नाहीस, नुसतं विचारलंस. लोक काय काय बोलले त्यात तू एक शब्द घातला नाहीस. ते उपकार मी मानतो. माझ्या गॅरेजला महिनाभर कोणी फिरकलं नाही, तेव्हा तूच म्हणालास, काही दिवस बाहेर जाऊन ये. दोन सुट्ट्यांना मी हेदवीला गेलो होतो गंगारामची माफी मागायला. दोन्ही वेळा त्याने दार लावून घेतलं. मी पडवीत थोडा वेळ बसलो आणि परत आलो. हे बिल्किसलाही सांगितलेलं नाही.

तेव्हा दांडे करू नकोस. पण लेथचं कारण सांगू नकोस. आपण एकमेकांना असं बोलत नव्हतो.

तुझा
अस्लम


रत्नागिरी
४ जानेवारी २००४

प्रिय अस्लम,

तुझ्या पत्राला चार वेळा उत्तर लिहिलं आणि फाडलं. हे पाचवं. हे पोस्टात पडेपर्यंत मी कोणाशी बोलणार नाही.

दांडा बसवायला घेतलास तेव्हा तू मला विचारलं होतंस, "पाणी दिलंस ना?" मी हो म्हटलं. दिलं नव्हतं.

दांड्यासाठी कोल्हापूरहून निकेलचं लोखंड यायचं होतं. ते कातून परत कोल्हापूरला भट्टीत पाठवायचं, तिथे ते तापवून तेलात विझवून पाणी देणार, मग चाकाचं ओझं सोसायची ताकद त्याच्यात येणार. हे तुला मी काय सांगावं. लोखंड आलंच नाही. दोनदा फोन लावला, उद्या परवा म्हणत राहिले. चतुर्थी पंधरा दिवसांवर आली. आणि उमाबाईंना मी सगळ्यांदेखत म्हणून बसलो होतो की गाडी देवळात पोचली नाही तर पांचाळ नाव लावणार नाही. त्यांना म्हणायला पाहिजे होतं की बाई, यंदा जमत नाही, पुढल्या माघीला. एवढं एक वाक्य. ते तोंडातून निघालं नाही.

मिरकरवाड्याला भंगारात एक सळई पडली होती, साधी, नरम. तिच्यातून कातला. लेथवर तिचा कीस दुधी किसल्यासारखा मऊ निघत होता. हाताला कळत होतं. वरून मी त्याला इतकी झिलई दिली की तू हातात घेऊन म्हणालास, काय केलंयस रे हे, दागिना केलास. मी हसलो.

तेव्हा दोष एकट्या तुझा नव्हता. पिनेचं काय असेल ते असो, पण दांडा मुळात कच्चा होता. हे मी त्याच दिवशी बोलायला हवं होतं. बोललो नाही. पाच वर्षं तू एकटा ते वाहिलंस आणि मी तुझ्या घरचे नळ दुरुस्त करत राहिलो.

माफ कर असं लिहायचं धाडस होत नाही.

दत्ता


रुवी, मस्कत
३० जानेवारी २००४

माझ्या दोस्ता,

पत्र गोदामाच्या मागे उभं राहून वाचलं. मग खाली बसलो. खोलीतली माणसं विचारायला लागली, घरी कोण गेलं काय. मी म्हटलं, गेलं कोणी नाही, आलं.

माझा तुझ्यावर राग नाही. पहिल्या दिवशी थोडा आला, खोटं का बोलू. मग विचार केला, शब्द देऊन बसलेल्या माणसाला मागे फिरणं किती जड जातं ते मला माहीत आहे. तू मला हे लिहिलंस. न लिहिता मेला असतास तरी कोणाला कळलं नसतं. किती माणसं असं लिहितील?

मी अर्धा हलका झालो बघ. अर्धा तुझा, अर्धा माझा. माझा अर्धा माझ्याकडेच राहू दे. लोखंड नरम होतं म्हणून पिन गळून पडत नाही. पिन नव्हती, ती मी घातली नव्हती. चाक डुगडुगलं नसतं तर तुझा कच्चा दांडाही कदाचित हेदवीपर्यंत गेला असता. दोघांनी मिळून गंगारामचा पाय घेतला. आता पुढल्या सुट्टीत दोघे मिळून त्याच्याकडे जाऊ. दोघांना बघून कदाचित दार उघडेल.

बिल्किसला मी सगळं लिहिलंय. लिहिलं, दत्ताने मनाचा मोठेपणा दाखवला, तो आला की त्याला माझ्या वतीने गोड खाऊ घाल.

तुझा, कायमचा
अस्लम


रत्नागिरी
२६ फेब्रुवारी २००४

अस्लम,

बिल्किसभाभींनी मला बोलावून घेतलं. मी गेलो. त्यांनी खीर केली होती. तुझ्या पत्रातला तेवढा भाग मला वाचून दाखवला. मोठेपणा हा शब्द वाचताना त्यांचे डोळे भरून आले. मी खीर खाल्ली, अस्लम. वाटी पुसून खाल्ली. फिजाने माझं चित्र काढून दिलं, लेथपाशी उभा असलेला. ते घेऊन मी घरी आलो.

आता हे वाच. मागच्या वेळी मी जे लिहिलं त्यातलं एक अक्षर खोटं नाही, पण ते मी हे लपवायला लिहिलं होतं.

पिन होती.

मी गाडीच्या मागून पन्नास-साठ हात अंतर ठेवून येत होतो, दांड्याची धास्ती होती म्हणूनच. चाक निखळलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. गाडी दरडीला लागली. आधी गंगारामकडे धावलो, हे खरं आहे. एक जीपवाला थांबला, त्याने गंगारामला उचलून घातला आणि चिपळूणला नेला. मला बस म्हणाला. मी म्हटलं, मी गाडीपाशी थांबतो. मी गाडीसाठी थांबलो नव्हतो.

चाक खाली करवंदीच्या जाळीत अडकलं होतं. दांड्याचा तुटका तुकडा त्यातच होता. त्यावर तुझा नट घट्ट होता. त्यात तुझी पिन होती, दोन्ही पाय नीट दुमडलेले, एक पाय जरा आखूड कापलेला, तू नेहमी कापायचास तसा. दांडा जाड होतो त्या पायरीपाशी, मीच कातलेल्या जागी, मोडला होता. पिन जागेवर असलेलं चाक कोणी पाहिलं असतं, तर एका क्षणात कळलं असतं की दांडाच तुटला, आणि दांडा माझा.

अजून रस्त्यावर कोणी जमलं नव्हतं. पक्कड खिशात होती. पिनेचे पाय सरळ केले. पिन ओढली. नट पान्याशिवाय सुटेना, म्हणून स्कूटरच्या डिकीतून पाना आणायला वर चढून आलो आणि परत खाली गेलो. अस्लम, वर येऊन परत खाली जाण्याइतका वेळ मला होता. त्या वेळात माझं मन फिरलं असतं तर फिरू शकलं असतं. ते मला आजवर सोडत नाही. नट आणि पिन मी लांब झाडीत भिरकावली आणि चाक खांद्यावर घेऊन रस्त्याला आलो.

मग तू आलास. मी तुला विचारलं, पिन घातली होतीस ना रे. उत्तर मला माहीत होतं. खोटं बोललो असंही कोणी म्हणू शकत नव्हतं, नुसतं विचारलं होतं. तू त्याला उपकार म्हणतोस.

तुझा अर्धा नाही. तुझा काहीच नाही. तुझी बोटं खरं सांगत होती.

मी तुझ्या अब्बांच्या जनाज्याला खांदा दिला, दर ईदला तुझ्या घरी जेवलो, तुझ्या मुलीला काका म्हणवून घेतलं. लोक म्हणायचे, पांचाळ मित्राच्या घराला किती जपतो. मला ते ऐकायला बरं वाटायचं. हेही लिहून ठेवतो.

दत्तात्रेय


राजिवडा, रत्नागिरी
२५ मार्च २००४

श्री. पांचाळ यांस,

यांनी तुमचं पत्र मला पाठवलं. सोबत यांचा एक शब्दही नव्हता. फोन केला तर म्हणाले, तू वाच, मला विचारू नकोस.

मी वाचलं. आधी वाटलं मोहल्ल्यातल्या चार माणसांना घेऊन तुमच्या दारात यावं. मग म्हटलं, तुमच्या घरच्यांनी काय केलंय.

तुम्हाला एक सांगायचं आहे, ते यांनी तुम्हाला कधी सांगितलं नसेल. अपघातानंतर मस्कतला जाईपर्यंत हे दर दिवशी सकाळी त्या बंद गॅरेजात जायचे आणि एका चाकात पिन घालायचे, काढायचे. घालायचे, काढायचे. मी डबा घेऊन गेले की म्हणायचे, बिल्किस, बघ, मी अशी घालतो, मग कशी विसरलो असेन. मी म्हणायचे, होतं माणसाकडून. सासरे म्हणायचे, माझ्या मुलाने माणसाचा पाय घेतला. ते तसंच समजून गेले. त्यांना आता कोण सांगणार.

फिजाने तुमचं चित्र काढलं होतं ते परत मागू नकोस असं मी तिला सांगितलंय. ते तुमच्याकडेच राहू दे. रोज बघा.

आमच्याकडे येऊ नका. नळ फुटला तर आम्ही प्लंबर बोलावू.

बिल्किस


रत्नागिरी
२० मे २००४

अस्लम,

तुझं उत्तर आलेलं नाही. येईल अशी अपेक्षाही मी धरलेली नाही. पण जे केलं ते तुला कळवणं मला भाग आहे. वाचायचं नसेल तर जाळ.

चार तारखेला मी हेदवीला गेलो. उमाबाई आता थकल्या आहेत. ओसरीवर बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शाळेत मुख्याध्यापिका होत्या तेव्हा जशा ऐकायच्या तशा. मी संपवलं तेव्हा म्हणाल्या, "मला कशाला सांगताय? पाय माझा गेलेला नाही." आणि चपला घालून माझ्याबरोबर निघाल्या. गंगारामच्या घरापर्यंत वाट चढणीची आहे. तिथवर त्या माझ्या पुढे चालत राहिल्या.

गंगाराम अंगणात कोकमाचे रातांबे फोडत बसला होता. कुबडी बाजूला. मला बघून खूश झाला. बायकोला म्हणाला, पांचाळशेट आलेत, सरबत आण. मी म्हटलं, नको, आधी ऐक. उभ्यानेच सांगितलं. कच्चं लोखंड, पाना आणायला वर येणं, सगळं. त्याची बायको सरबताचा पेला घेऊन दारातच थांबली होती.

मला वाटलं होतं तो कोयता फेकून मारेल. तसं काही झालं नाही. त्याने हात धुतले. मग विचारलं, "अस्लमभायने पिन घातली होती?" मी हो म्हटलं. पुन्हा विचारलं. पुन्हा हो म्हटलं. मग तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहितो.

म्हणाला, "तो दोनदा माझ्या दारात आला व्हता. मी त्याला आत घेतला नाय. पाणीसुद्धा विचारलं नाय. दुसऱ्या टायमाला तर पोरांना सांगितलं, त्याच्या अंगावर कुत्रा सोडा. माझा पाय गेला तो गेला, पांचाळ. पण मी असा माणूस नव्हतो. तू मला असा केलास."

कुत्र्याचं तू मला लिहिलं नव्हतंस.

त्यानंतर तो रडला. पायासाठी तो रडल्याचं कोणी पाहिलं नव्हतं म्हणे. उमाबाई मला म्हणाल्या, आता तुम्ही जा. मी आलो.

परत आल्यावर आणखी एक केलं. आपल्याकडे गाड्या घेऊन यायचे ते कोल्हापूर, सांगली, पुण्याचे अकरा जण. त्यांचे पत्ते माझ्याकडे होते. अकरांना हाताने पत्रं लिहिली. झालं ते सगळं लिहिलं. अस्लमने घातलेली पिन मी माझ्या हाताने काढली, हे वाक्य प्रत्येकात आहे. छापून घेतलं असतं तर सोपं झालं असतं, म्हणून छापलं नाही. चार उत्तरं आली. तीन जणांनी शिव्या लिहिल्या आहेत. चौथ्याने तुझा पत्ता विचारलाय. तो दिला.

गावात कळलंच आहे. हॉटेलात गेलो की टेबलं गप्प होतात. घरी बायको बोलते, पण माझ्याकडे बघून बोलत नाही. परवा नाक्यावर दादू रिक्षावाल्याने मुद्दाम गाडी थांबवून विचारलं, खरं काय हो? त्या दिवशी त्या पंचवीस माणसांत तोही होता. मी म्हटलं, खरं. तो म्हणाला, आम्ही त्या अस्लमला काय काय बोललो. आणि तसाच निघून गेला.

मी लेथ चालू ठेवलाय. विकून कुठे निघून जावं असं मनात आलं होतं. पण निघून जाणं हे मी तुला करायला लावलं. ते मला करता येणार नाही.

दत्तात्रेय


रत्नागिरी
१७ जानेवारी २००५

दत्ता,

हे पत्र तुला उद्याच मिळेल. वरचा पत्ता बघ. मी नोव्हेंबरमध्ये परत आलो, कायमचा. तुला कळलंच असेल. तू राजिवड्याच्या बाजूने यायचं टाळतोस आणि मी तुझ्या नाचणे गावाच्या, त्यामुळे गाव लहान असून भेट झाली नाही. तशीच राहू दे.

तुझं मे महिन्यातलं पत्र मी जाळलं नाही. उत्तरही दिलं नाही, कारण जे लिहायला बसायचो ते दुसऱ्या दिवशी वाचवत नसे. आज थोडंच लिहितो.

तू मला पाच वर्षांचं खोटं सांगितलंस त्याने मला एवढं लागलं नाही जेवढं तुझ्या अर्ध्या खऱ्याने लागलं. त्या अर्ध्या खऱ्यावर मी तुला दोस्त म्हटलं, बिल्किसला खीर करायला लावली. ते मला गिळवत नाही. गिळलं जाईल असं वाटत नाही. माफी हा शब्द तू लिहिला नाहीस, ते बरं केलंस. मला नाही म्हणावं लागलं असतं.

आल्यावर पहिल्या जुम्म्याला अब्बांच्या कबरीवर गेलो. त्यांना सांगितलं. मोठ्याने सांगितलं, आजूबाजूला माणसं होती तरी.

मग हेदवीला गेलो. गंगाराम वाटेत निम्म्यापर्यंत उतरून आला होता, कुबडीवर. मी म्हटलं, कशाला आलास. त्याने माझा हात धरला आणि घरी नेलं. जेवण झालं. उमाबाईंनी गाडी अजून घरामागच्या मांगरात, त्या खोपटात ठेवलीय, एका बाजूला कललेली. मला किल्ली दिली. म्हणाल्या, घाई नाही, हवं तेवढं लोखंड मागवा, हवे तेवढे महिने घ्या. मी दांडे कोल्हापुरात करून घेतले. पाणी दिल्याचा भट्टीवाल्याचा दाखला घेतला आणि बाईंना दाखवला. परवा चाक चढवलं. पिन घालून तिचे पाय दुमडले.

शिरगावात गॅरेज पुन्हा उघडलंय. माणसं येतात. ज्यांना तू पत्रं लिहिली होतीस त्यातले दोघे गाड्या ठेवून गेले. येणारा प्रत्येक जण थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलतो आणि शेवटी विचारतो, ते पांचाळांचं नक्की काय झालं होतं.

मी सांगत नाही. मी सांगितलं तर त्यात माझा राग येईल. मी त्यांना तुझा पत्ता देतो आणि म्हणतो, त्यांनाच विचारा. आतापर्यंत तिघे तुझ्याकडे येऊन गेले. तिघांनीही परत येऊन सांगितलं की तू लेथ बंद केलास, त्यांना स्टूल दिलंस आणि पाना आणायला वर आलास तेही गाळलं नाहीस.

१९ तारखेला सकाळी पुण्याचे एक गृहस्थ येतील. त्यांनाही सांग.

अस्लम